लहान मोटरसायकलला जादा दिवे लावताना: तयारी, क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

शंभर-सव्वाशे सीसीच्या मोटरसायकलला जादा दिवे लावणारे बहुतेक जण उलट्या टोकाने सुरुवात करतात. आधी दिवे विकत घेतात, मग ते कुठे बसतील ते शोधतात, आणि वीज कुठून घ्यायची हा प्रश्न अगदी शेवटी, हातात वायर धरून उभं असताना पडतो. मग जी वायर सापडेल तिला सोलून जोड दिला जातो. थोड्याच दिवसांत दिवे लुकलुकायला लागतात, सकाळी सेल्फ लागत नाही. आणि खरं दुखणं वेगळंच: एवढा खटाटोप करूनही गाडी समोरच्याला पूर्वीपेक्षा नीट दिसत नाही, त्याचे डोळे तेवढे दिपतात.

इथे फक्त आपण दिसण्यासाठीच्या दिव्यांचा विचार केला आहे. रस्ता उजळणारे फॉग लॅम्प हा वेगळा विषय. त्यांची वीज जास्त, रोख वेगळा, नियमही वेगळे.

एक गोष्ट मात्र काम सुरू करण्याआधी डोक्यात पक्की हवी. समोरचा चालक येणाऱ्या वाहनाचा वेग ओळखतो तो मुख्यतः ते किती झपाट्याने मोठं होतंय त्यावरून. मोटरसायकल आधीच अरुंद, त्यात रात्री तिचा एकच ठिपका दिसतो. ठिपका मोठा होतोय हे फार उशिरा कळतं, आणि ‘अजून लांब आहे’ असं समजून समोरचा वळण घेतो. तोच ठिपका दुप्पट तेजस्वी केला तरी ही अडचण जात नाही. पण हेडलाइटच्या दोन्ही बाजूंना, अंतर राखून दोन लहान दिवे असले, तर गाडी जवळ येताना त्यांच्यातलं अंतर वाढताना दिसतं आणि वेगाचा अंदाज बराच सुधारतो. म्हणून या कामात तेजापेक्षा रुंदी आणि जागा महत्त्वाची. पुढचे सगळे टप्पे याच हिशेबाने मांडले आहेत.

टप्पा १: आहेत ते दिवे आधी ठीक करा

जादा दिव्यांनी भरून काढू अशी आशा असते, त्यातलं निम्मं काम मूळ दिव्यांच्या डागडुजीतच होतं. हेडलाइटची काच धुवा. आतून पिवळी किंवा धुरकट झाली असेल तर बदला. रिफ्लेक्टरची चमक गेली असेल तर कितीही चांगला बल्ब घाला, उजेड मिळत नाही. टेललाइटची लाल काच उघडून आतली धूळ पुसा. होल्डरवर हिरवा-पांढरा गंज आला असेल तर बारीक पॉलिश पेपरने घासून संपर्क साफ करा.

ब्रेकलाइट पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही ब्रेकने लागतो का ते वेगवेगळं पाहा. मागच्या ब्रेकचा स्विच स्प्रिंगवर चालतो आणि ती स्प्रिंग सैल पडते. पेडल बरंच दाबल्यावर दिवा लागत असेल तर मागच्याला इशारा उशिरा मिळतो. स्विचची नटाने होणारी जुळणी दोन मिनिटांचं काम आहे.

टेललाइटचा साधा बल्ब काढून एलईडी घालणार असाल तर लाल काचेमागे लाल एलईडीच घाला. पांढऱ्या एलईडीच्या उजेडात लाल भाग कमी असतो. काचेतून तो फिका किंवा गुलाबीसर दिसतो.

टप्पा २: वीज न लागणारं काम आधी उरका

परावर्तक पट्टी, म्हणजे आपण ज्याला रेडियम म्हणतो ती, हा या यादीतला सर्वांत स्वस्त आणि कधीही न बिघडणारा भाग आहे. ती आलेला उजेड ज्या दिशेने आला तिकडेच परत पाठवते, त्यामुळे मागच्या गाडीच्या हेडलाइटमध्ये ती लख्ख दिसते. बॅटरी उतरली, वायर तुटली, गाडी बंद पडून कडेला उभी राहिली, तरीही.

मागच्या मडगार्डवर लाल पट्टी, दोन्ही बाजूंना पिवळी किंवा नारिंगी. बाजू लोक हमखास विसरतात. चौकात आडवी जाणारी मोटरसायकल अंधारात जवळजवळ अदृश्य असते, कारण तिचा एकही दिवा बाजूला तोंड करून नसतो. चाकाच्या रिमवर लहान लहान तुकडे लावले तर फिरणारं चाक पाहणाऱ्याच्या नजरेत लगेच भरतं.

चिकटवण्याआधी जागा साबणाने धुऊन, वाळवून, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पॉलिश किंवा तेलाचा अंश राहिला की पट्टी पहिल्याच पावसात सुटते.

तपासणी: सगळ्याच चकचकीत पट्ट्या परावर्तक नसतात. काही दिवसा उठून दिसतात आणि रात्री मेल्यासारख्या. अंधाऱ्या खोलीत पट्टी लांब ठेवा, टॉर्च डोळ्याशेजारी धरून तिच्यावर मारा. खरी पट्टी जणू स्वतःच पेटल्यासारखी दिसते.

टप्पा ३: वीज किती आहे आणि कोणत्या प्रकारची आहे

हा टप्पा टाळला की पुढे सगळं बिघडतं, म्हणून इथे जरा थांबा. साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो.

गाडी काही तास बंद असताना बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्टेज मोजा. १२.६ ते १२.८ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली. १२.४ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा. चार्ज करूनही ती टिकत नसेल तर दिव्यांचा विचार बाजूला ठेवा, आधी बॅटरी बदला.

आता इंजिन सुरू करून रेस मध्यम ठेवा. मीटरने साधारण १३.५ ते १४.५ दाखवायला हवं. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटरमध्ये (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणाऱ्या भागात) दोष आहे; तो दुरुस्त होईपर्यंत कोणताही एलईडी बसवू नका, जळेल.

शेवटी इंजिन आयडलवर (रेस न देता चालू) ठेवून हेडलाइट लावा, ब्रेक दाबा, इंडिकेटर चालू करा. लहान गाडीत एकटा हेडलाइट साधारण ३५ वॉट घेतो, ब्रेकचा बल्ब २१, टेललाइट ५ आणि इंडिकेटरचा प्रत्येक बल्ब १०. एवढं सगळं चालू असताना व्होल्टेज १३ च्या आसपास टिकलं तर थोडी वीज हाताशी आहे. ते १२.५ च्या खाली घसरत असेल तर सिग्नलला उभं असताना बॅटरी उपसली जाते आहे. अशा गाडीवर जादा दिव्यांचा एकूण भार ५-६ वॉटच्या आत ठेवा, किंवा टेललाइटमध्ये एलईडी घालून आधी काही वॉट मोकळे करा.

दुसरा प्रश्न एसी (सतत दिशा बदलणारी वीज) की डीसी (बॅटरीसारखी एकाच दिशेने वाहणारी) हा. बऱ्याच लहान आणि जुन्या गाड्यांमध्ये हेडलाइट, काहींत टेललाइटसुद्धा, बॅटरीवर चालतच नाही. ती वीज थेट मॅग्नेटोकडून, म्हणजे इंजिनवर फिरून वीज तयार करणाऱ्या भागाकडून, एसी स्वरूपात येते. रेस वाढवली की उजेड वाढतो आणि आयडलला मंदावतो, ही त्याची खूण. एलईडी अशा वायरला जोडला तर तो लुकलुकतो आणि लवकर मरतो. काही नव्या गाड्यांत इंजिन चालू झाल्यावरच हेडलाइट लागतो, पण तो डीसी असतो. त्यामुळे नुसत्या नजरेवर विसंबू नका. इंजिन चालू असताना ज्या वायरमधून वीज घ्यायची तिच्यावर मीटर आधी डीसीवर आणि मग एसीवर लावून पाहा. डीसीवर जवळपास शून्य आणि एसीवर आकडा येत असेल तर त्या वायरला हात लावू नका.

सहसा वापरता येणारी जागा म्हणजे ब्रेकच्या स्विचकडे येणारी, किल्ली फिरवल्यावर जिवंत होणारी वायर. किल्ली बंद असताना शून्य, चालू केल्यावर बॅटरीइतकं व्होल्टेज, असं दोन्ही वेळा मोजून खात्री करा आणि तिच्यावर रंगीत टेपची खूण बांधून ठेवा.

सावधान: फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा संगणक) आणि सेन्सरच्या वायरिंगमध्ये टोचून शोध घेऊ नका. गाडी वॉरंटीत असेल तर वायर कापल्याने ती जाते का, तेही आधी विचारून घ्या.

टप्पा ४: जागा आणि रंग

दिवे आणण्याआधी गाडीवर रंगीत चिकटपट्टीचे तुकडे लावून जागा ठरवा. वीसेक पावलं मागे जाऊन, थोडं खाली वाकून, कारमध्ये बसलेल्या माणसाच्या नजरेच्या उंचीवरून पाहा.

पुढे सर्वांत उपयोगी रचना त्रिकोणाची: वर मध्ये हेडलाइट, खाली दोन्ही बाजूंना दोन दिवे. लेगगार्ड असेल तर त्याची बाहेरची कड उत्तम, कारण तिथे सर्वाधिक रुंदी मिळते. नसेल तर पुढच्या फोर्कचे खालचे भाग. पण तिथे दिव्यांमधलं अंतर कमी राहतं. हेडलाइटला खेटून दोन दिवे लावणं ही सर्वांत सर्रास दिसणारी चूक. लांबून तिन्ही मिळून एकच ठिपका होतो आणि सगळी मेहनत वाया जाते.

इंडिकेटरच्या अगदी शेजारी सतत जळणारा नारिंगी दिवा नको. त्याच्या झगमगाटात इंडिकेटर हरवतो. त्या दोघांत जेवढं अंतर देता येईल तेवढं द्या.

पुढे पांढरा किंवा नारिंगी आणि मागे लाल, ही जवळपास सगळीकडची रीत आहे. पुढे लाल किंवा निळा कधीही नको. हे रंग बहुतेक ठिकाणी पोलिस-रुग्णवाहिकांसाठी राखून ठेवलेले असतात, शिवाय पुढचा लाल पाहून समोरच्याला वाटतं की ही गाडीची मागची बाजू आहे आणि गाडी त्याच्यापुढे, तो जातोय तिकडेच चालली आहे. दिव्यांची संख्या, रंग आणि जागा यांचा तुमच्या भागातला नियम खरेदीपूर्वी वाचा. माझं मत विचाराल तर दिवसा कारच्या पांढऱ्या दिव्यांच्या गर्दीत नारिंगी जास्त उठून दिसतो, म्हणून नियम परवानगी देत असेल तर पुढची जोडी नारिंगी घ्यावी.

फ्लॅश होणारे, पळणारे, रंग बदलणारे दिवे पूर्ण टाळा. उघडझाप करणाऱ्या दिव्याकडे लक्ष जातं हे खरं, पण तो किती लांब आहे आणि किती वेगाने येतोय हे ठरवणं आणखी अवघड होतं.

टप्पा ५: दिवे निवडणं

प्रत्येकी १ ते ३ वॉटचा, धातूच्या बॉडीचा, बोल्टने कसता येणारा लहान एलईडी पुरेसा आहे. पाकिटावर ‘१० ते ३० व्होल्ट’ असा पल्ला लिहिलेला पाहून घ्या. म्हणजे आत करंट आवरणारं सर्किट असण्याची शक्यता जास्त.

सजावटीची एलईडी पट्टी इथे का टिकत नाही ते समजून घेण्यासारखं आहे. तिच्यात तीन एलईडी आणि एक रेझिस्टर अशी साखळी असते. तीन पांढरे एलईडी मिळून साधारण ९.६ व्होल्ट घेतात. १२ व्होल्टवर रेझिस्टरच्या वाट्याला २.४ उरतात. पण इंजिन चालू असताना गाडीत १४.४ असतात, म्हणजे रेझिस्टरवर ४.८. तिथून जाणारा करंट जवळपास दुप्पट होतो. आठ-पंधरा दिवस झकास उजेड आणि मग एक-एक तुकडा काळा पडत जाणं, याचं कारण हेच.

‘आयपी ६७’ याचा अर्थ धूळबंद आणि १ मीटर पाण्यात ३० मिनिटं तग धरणारा. स्वस्त मालावर हा आकडा छापलेला असला तरी घरी खात्री करा. ते पुढच्या टप्प्यात.

सोबत आणायचं सामान: ०.५ किंवा ०.७५ चौरस मिलिमीटरची तांब्याची लवचीक वायर दोन रंगांत, फ्यूज होल्डर आणि २ किंवा ३ अँपिअरचे फ्यूज, पाण्यापासून सुरक्षित असे दोन पिनांचे कनेक्टर, हीटश्रिंक नळी (गरम केल्यावर आवळून जोडावर बसणारी), केबल टाय आणि एक जलरोधक स्विच.

टप्पा ६: टेबलावर आधी पेटवून पाहा

गाडीला हात लावण्यापूर्वी प्रत्येक दिवा फ्यूजमार्गे १२ व्होल्ट बॅटरीवर लावा. प्लस-मायनस उलट असेल तर एलईडी लागत नाही. तसं झालं तर लगेच सोडवून वायरींवर खुणा करा. मीटरने करंट मोजा. १२ व्होल्टवर ३ वॉटचा दिवा पाव अँपिअरच्या आसपास घेईल.

दिवा अर्धा तास चालू ठेवा. बॉडी कोमट होणं ठीक. बोट टेकवता येत नसेल तर तो दिवा परत करा. नंतर बंद करून, थंड होऊ देऊन, भांड्यात पाण्याखाली अर्धा तास ठेवा. बाहेर काढल्यावर काचेच्या आत धुकं दिसलं तर वायर आत शिरते तिथे न्यूट्रल प्रकारचा सिलिकॉन सीलंट भरा, पण दिवा पूर्ण कोरडा झाल्यावरच. व्हिनेगरसारखा वास येणारा सीलंट तांब्याला गंजवतो, तो वापरू नका.

टप्पा ७: बसवणं आणि वायर ओढणं

क्रम असा ठेवा: दिवे कसणं, वायर ओढणं, अर्थ (मायनसकडे परत जाणारी वायर) जोडणं, प्लसचा जोड, आणि बॅटरी सर्वांत शेवटी. सुरुवातीला बॅटरीचं मायनस टोक काढून बाजूला गुंडाळून ठेवा. प्लस आधी काढायला गेलात आणि पाना फ्रेमला लागला तर ठिणगी पडते.

१. दिवे नटबोल्टने कसा, मध्ये रबरी वॉशर आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सैल न होणारा) घाला. लहान इंजिनचा कंप साधा नट सैल करतो. नुसत्या दुहेरी टेपवर दिवा सोडायचाच असेल तर दाबून एक दिवस तरी गाडी हलवू नका. टेपची पूर्ण पकड यायला साधारण ७२ तास लागतात.

२. वायर मूळ वायरिंगच्या सोबतीने ओढा. सायलेन्सर, सिलिंडरचं डोकं आणि चेन यांपासून लांब. फोर्कवर दिवा असेल तर शॉकअप पूर्ण दबल्यावर आणि पूर्ण उघडल्यावर वायर ताणत नाही ना, ते पुढचा ब्रेक दाबून गाडी खालीवर करून बघा.

३. अर्थची वायर थेट बॅटरीच्या मायनसकडे न्या. फ्रेमवर रंग असतो, आणि हँडल किंवा फोर्कपासून फ्रेमपर्यंतचा मार्ग ग्रीस भरलेल्या बेअरिंगमधून जातो. तिथे घेतलेली अर्थ आज चालते आणि पावसात दगा देते. दिवे अधूनमधून मंद होण्याच्या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं.

४. प्लस टप्पा ३ मध्ये खूण केलेल्या वायरवरून घ्या आणि जोडापासून एका वीतीच्या आत फ्यूज लावा. फ्यूज वायरला वाचवण्यासाठी असतो. तो दिव्याजवळ लावला तर मधल्या सगळ्या वायरला संरक्षण उरत नाही. एकूण करंट १ अँपिअरच्या आत असेल तर रिले (थोड्या विजेवर जास्त वीज चालू-बंद करणारा स्विच) लागत नाही. त्याहून जास्त असेल तर रिले लावा. त्याच्या पिनांच्या आकड्यांनुसार: ३० वर बॅटरीचं प्लस फ्यूजमार्गे, ८७ वर दिवे, ८६ वर किल्लीची वायर, ८५ ला अर्थ. रिले असेल तेव्हा फ्यूज बॅटरीच्या प्लसजवळ हवा.

५. जोड सोल्डर किंवा क्रिंप (धातूच्या नळीत दाबून घट्ट) करून त्यावर हीटश्रिंक चढवा. वायर पिळून काळी टेप गुंडाळलेला जोड उन्हात चिकट होऊन सुटतो. वायरला चावून बसणारे झटपट जोडही ओलाव्यात गंजतात. आतल्या तारा तुटतात ते वेगळंच. कनेक्टरच्या आधी वायरला खाली छोटा झोल द्या, म्हणजे पाणी झोलाच्या तळाशी गळून जातं आणि कनेक्टरपर्यंत पोचत नाही.

सावधान: थेट बॅटरीवर, नुसत्या स्विचच्या भरवशावर दिवे जोडू नका. १० वॉटचे दिवे ०.८ अँपिअर घेतात. ४ अँपिअर-अवरची बॅटरी पाच तासांत रिकामी होते, आणि सेल्फ लागेनासा होतो तो त्याच्या बराच आधी. किल्ली काढली की दिवे बंद व्हायलाच हवेत.

तपासणी: बॅटरी जोडण्यापूर्वी हँडल दोन्ही बाजूंना शेवटापर्यंत वळवा. वायर कुठेही ताणली, चिमटली किंवा क्लचच्या केबलला घासली तर टाय सोडून पुन्हा बांधा. मग प्लस आणि मायनस यांच्यात शॉर्ट नाही हे मीटरने पाहा आणि त्यानंतरच मायनस टोक कसा.

टप्पा ८: मागचा जादा ब्रेकलाइट

टेललाइटकडे बहुधा तीन वायरी जातात: अर्थ, मंद दिवा आणि ब्रेक. रंगांवरून अंदाज बांधू नका. किल्ली चालू करून मीटरचं काळं टोक बॅटरीच्या मायनसला आणि लाल टोक एकेका वायरला लावा. ब्रेक दाबल्यावरच जी १२ व्होल्ट दाखवते आणि सोडल्यावर शून्य होते, ती ब्रेकची. जादा दिव्याचं प्लस तिलाच, छोट्या फ्यूजमार्गे.

इथली मोठी चूक म्हणजे तेजस्वी लाल दिवे सतत चालू ठेवणं. मूळ बल्बमध्ये मंद ५ वॉट आणि ब्रेक २१ वॉट असा ठळक फरक मुद्दाम ठेवलेला असतो. तुम्ही मागे कायमचा झगझगीत लाल लावलात तर ब्रेक दाबल्यावर होणारा बदल मागच्याला जाणवतच नाही. जादा दिवा फक्त ब्रेकवर जोडा, आणि शक्य असेल तर मूळ दिव्यापासून थोडा वर किंवा बाजूला.

टप्पा ९: रोख जुळवणं आणि खरी चाचणी

संध्याकाळी, पूर्ण अंधार होण्याआधी, गाडी सपाट जागेवर उभी करा आणि एकाला सीटवर बसवा, कारण माणूस बसल्यावर मागची बाजू दबून दिव्यांचा रोख वर जातो. तुम्ही दहा मीटरवर उभे राहून आधी सरळ, मग थोडं बाजूला सरकून पाहा. डोळा मिटावासा वाटला तर दिवा किंचित खाली वळवा. मग पन्नास मीटरवर जा: हेडलाइट आणि दोन दिवे तीन वेगळे ठिपके दिसायला हवेत. इंडिकेटर लावायला सांगा. डावा की उजवा हे तिथून लगेच ओळखू आलं पाहिजे. ब्रेकसाठी मागून हेच. अंदाज डोळ्यानेच घ्या. मोबाइलचा कॅमेरा उजेड स्वतःच कमीजास्त करतो, त्यामुळे फोटोवरून झगझगाट ठरवता येत नाही.

आयडलवर सगळे दिवे लावून व्होल्टेज पुन्हा मोजा आणि टप्पा ३ मधल्या आकड्याशी ताडून पाहा. अर्ध्या व्होल्टहून जास्त घसरलं असेल तर एखादी जोडी कमी करा.

पहिल्या आठवड्यानंतर सगळे नट एकदा कसा. पहिल्या जोरदार पावसानंतर काचांमध्ये धुकं धरलंय का ते पाहा. फ्यूज उडाला तर मोठा घालू नका. आधी हँडलजवळच्या आणि सीटखालच्या वायरी तपासा, घासून सोललेली जागा बहुतेक वेळा तिथेच सापडते. दोन-तीन जादा फ्यूज सीटखाली टेपने चिकटवून ठेवा.